या गाडीत कुणी मेलेलं नाही

आमची गाडी रस्त्यानं निघाली की समोरचे लोक आपोआप बाजूला होत. बैलगाडीवाला कासरा ओढून रस्ता सोडायचा, मोटरसायकलवाला कडेच्या धुळीत उतरायचा. गाडी पुढं गेल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं की आत पेशंट नाही, दुधाचे कॅन आहेत. मग ते मागून शिव्या द्यायचे. पहिल्यांदा मला गंमत वाटली. पुढं वाटेनाशी झाली, कारण काही लोक बाजूला होऊन हातही जोडत. दुधाला कोण हात जोडतं?

गाडी सहकारी साखर कारखान्याची रुग्णवाहिका होती. माझा नवरा तिच्यावर सोळा वर्षं ड्रायव्हर होता. तोंडावर मी त्याला अहो म्हणत असे. लिहिताना नवरा लिहिते, त्यानं त्याचं काही कमी होत नाही.

मोठ्या दुष्काळात कारखाना बंद पडला. दोन वर्षं पाऊस नव्हता. ऊस उभा जळाला, जो हिरवा राहिला तो चारा छावणीत जनावरांनी खाल्ला. कारखान्यात हंगामाची पहिली मोळीच पडली नाही. आमच्या गावातल्या बायका कारखान्याच्या भोंग्यावर भाकरी थापायला बसायच्या. भोंगा बंद झाला तेव्हा कुणाचाच स्वयंपाक वेळेवर होईना. मग संचालकांनी भंगाराचा लिलाव काढला. गंजक्या ट्रॉल्या, फुटक्या टाक्या, मोडक्या खुर्च्या आणि ही गाडी. कामगारानं लिलावात बोली लावायची नाही असा ठराव होता. म्हणून नवऱ्यानं माझ्या नावानं बोली लावली. मला घरी आल्यावर सांगितलं.

"कावून घेतली?" मी विचारलं.

"भंगारवाला तोडनार व्हता."

"तोडू द्यायची मग. लोखंडच हाय."

"न्हाई," तो म्हणाला. "तोडू द्यायची न्हाई." आणि हात धुवायला गेला. हात धुवायला पाणी नव्हतं, मातीनंच चोळून आला.

आमच्या दोन म्हशी छावणीत आणि दारात ॲम्ब्युलन्स. शेजारीण म्हणाली, "तुमची सोय झाली माय. आता मरायला गाडी बोलवायचं काम न्हाई."

कागदपत्रं बदलायला आरटीओत चार चकरा झाल्या. वरचा लाल दिवा काढावा लागला, भोंगा काढावा लागला. तो भोंगा नवऱ्यानं गोठ्यात खुंटीला अडकवला आणि त्यात चिमणीनं घर केलं. परळीच्या पेंटरनं गाडीला निळ्या रंगाचे दोन हात दिले. हिवाळ्यात रंग चांगला दिसला. उन्हाळ्यात पत्रा तापला की खालची अक्षरं वर येऊ लागली. बाजूला रुग्णवाहिका आणि नाकावर उलटी इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी सुलटंही वाचता येत नाही, मी चौथीपर्यंत शिकलेली. पण दुपारी गाडीच्या नाकाकडं बघितलं की कुणीतरी आतून लिहितंय असं वाटायचं.

गाडी जुनी, तिला रोज काहीतरी लागायचं. सेल्फ मेलेला, म्हणून रोज उतारावर उभी करायची आणि सकाळी ढकलून चालू करायची. परळीला सामान आणायला गेलं की औष्णिक केंद्राची राख एअर फिल्टरमध्ये भरून यायची. नवरा फिल्टर झटकायचा, खाली करड्या राखेचा ढीग पडायचा, आणि तो म्हणायचा, "अख्खं मसनवट प्याली बघ." स्प्रिंगचे पाटे तुटायचे, क्लच घसरायचा. हे सगळं दुरुस्त होत होतं. एक गोष्ट दुरुस्त झाली नाही, ती म्हणजे वास. मागची दारं लावून गाडी तासभर उन्हात राहिली की आतून फिनेलचा वास यायचा, आणि फिनेलच्या खाली दुसरा एक वास असायचा. मी राखेनं घासलं, कडुनिंबाचा धूर केला, लिंबाच्या साली ठेवल्या. टँकर आठव्या दिवशी यायचा, त्यातलं पाणी गाडी धुवायला कोण वापरणार. भांडी घासलेलं पाणी फडक्याला लावून मी आतून पुसून घ्यायची.

स्ट्रेचर सरकवायच्या दोन लोखंडी पट्ट्या तळाला तशाच होत्या. एकदा त्यातली घाण मी खिळ्यानं खरवडली. हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा निघाला आणि उसाचं थोडं पाचट. तुकडा मी टाकणार तेवढ्यात नवऱ्यानं माझ्या तळहातावरून तो उचलला आणि खिशात घातला. मी विचारलं नाही. सांगायचंच असतं तर खिशात कशाला घालील?

गाडी सहा महिने नुसती उभी होती. गावात लग्नं झाली, वऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये कोंबून गेलं, पण आमची गाडी कुणी मागितली नाही. कडबाही कुणी तिच्यातून आणेना. पोटुशा बाया गाडीची सावली पडू देत नसत. आम्ही दोघं रोज छावणीत जायचो आणि येताना ठरवायचो की यंदा कोयता उचलायचा. आमच्याकडं कोयता उचलणं म्हणजे नवरा-बायकोनं मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला जाणं. त्या वयात ते आमच्यानं झालं नसतं. दोघांपैकी एक जण तिथंच राहिला असता.

तेवढ्यात दूध संस्थेच्या टेम्पोवाल्यानं काम सोडलं. आसपासच्या गावांचं दूध गोळा करून चिलिंग सेंटरला पोचवायचं काम होतं. दुष्काळात दूध कमी, पण तेवढ्यावरच कितीतरी घरं उभी होती. मी संस्थेची सभासद. चेअरमन घरी आला, गाडीभोवती फिरला, टायर लाथेनं तपासला.

"वैनी, गाडी झ्याक हाय," तो म्हणाला. "पर बाया दूध घालायच्या न्हाईत हिच्यात. मढं वाह्यलेली गाडी."

"मढं कवा वाह्यलं? पेशंट वाह्यले."

"एकबी गेला न्हाई आत?"

"न्हाई."

"मंग सोमवारी म्हादेवाच्या देवळात या आन् बेलभंडारा उचला. लोकांचं तोंड बंद व्हईल, माजंबी."

आमच्याकडं बेल आणि भंडारा ओंजळीत घेऊन केलेली शपथ शेवटची. त्यापुढं कोर्ट नाही, पोलीस नाही.

त्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं. तो गाडीच्या काचा पुसत होता. "खरं सांगा, गाडीत कुणी गेलं व्हतं का?"

त्यानं काच पुसून पूर्ण केली. मग म्हणाला, "कागदावर न्हाई."

कारखान्याची पद्धत मला ठाऊक होती. वाटेत माणूस गेला असं लिहिलं की पंचनामा आला आणि कारखान्यावर बालंट आलं. म्हणून गाडीत कुणी मरायचंच नाही. माणूस वाटेत गेला तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवायची नाही, तोंडावर पांघरूण ओढायचं नाही, दवाखान्याच्या पायरीला लावून कंपाउंडरनं ओरडत उतरायचं. कागदावर माणूस दवाखान्यात जायचा. सोळा वर्षांत त्या गाडीत कुणीही मेलं नाही. मी पुढं विचारलं नाही. मला पाहिजे होतं तेवढं मी ऐकलं.

सोमवारी देवळात नवऱ्यानं हात पुढं केला नाही. लोक त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणाले, "गाडी माझ्या नावावर हाय, मी उचलते." ओंजळीत बेल घेतला, भंडारा घेतला आणि म्हणाले, "या गाडीत कुणी मेलेलं न्हाई." माझा आवाज हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध आमच्या गाडीत आलं.

मी कॅन मोजायला आणि चढवायला नवऱ्याबरोबर जाऊ लागले. तेव्हा मला ती चरवी दिसली. सकाळी गाडी ढकलायच्या आधी तो घरातली पितळी चरवी पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि मागच्या बाजूला, पट्ट्यांच्या मधोमध, फडक्याच्या चुंबळीवर ठेवायचा. घरात प्यायला एक हंडा. त्यातून रोज एक चरवी. आणि घरी येईतो चरवी रिकामी असायची.

"पितो कोण येवढं?" मी विचारलं.

"सांडतंय."

"मंग भरता कावून?"

"आसू दे."

मी त्यावरून भांडले, एकदा तर चरवी लपवली. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, माझा पिण्याचा तांब्या उचलला, तो भरला आणि गाडीत ठेवला. मग मी चरवी काढून दिली.

गाडीत मी पुढं बसायची. ड्रायव्हरच्या पाठीमागं एक छोटी सरकती काच होती, मागं बघायला. ती बंद केली तरी खड्ड्यात आपोआप उघडायची. कॅन रिकामे असले की आदळायचे, ते ठीक. पण भरलेले कॅन दोरीनं आवळून बांधलेले असतानाही पट्टीवर काहीतरी धातूचं हळू वाजायचं. एकदा, थांबून दोनदा. अंगठीनं वाजवावं तसं. मी नवऱ्याला म्हणाले, पट्टी ढिली आहे. तो म्हणाला, पट्टी वेल्डिंगची आहे.

घाटनांदूरच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं रस्त्याखालून नळीचा पूल आणि कडेला एक बाभूळ. तिथं तो रोज गाडी थांबवायचा. मला वाटायचं लघवीला उतरतो. मी उतरून कधी बघितलं नाही, बायकांनी बघायचं नसतं. इंजिन चालू ठेवून तो मागं जायचा, दार वाजायचं, थोड्या वेळानं यायचा.

शेवटी त्यानंच सांगितलं. पाटा तुटला होता आणि तो गाडीखाली निजून नट सोडत होता. मला त्याचे पाय तेवढे दिसत होते. माणूस गाडीखाली असला की खरं बोलतो, कारण त्याचं तोंड दिसत नाही.

"एक बाई व्हती," तो खालून म्हणाला. "ऊसतोडीची. डोक्यावर मोळी घिऊन ट्रकच्या फळीवरून चढता चढता पडली. तिची आई फडात ऱ्हायली, कडंला लेकरू व्हतं. मागं कंपाउंडर आन् ती. पाणी मागायली. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नसतंय, कंपाउंडर म्हनला, चल, थांबू नको. काच उघडी व्हती. मला म्हनली, भाऊ, पाणी. दोनदा म्हनली. तिसऱ्यांदा नुसतं भाऊ म्हनली."

पाना नटावरून घसरला. तो परत बसवला.

"बाभळीपाशी. मी आरशात बघितलं, कंपाउंडरनं मान हलवली. मी थांबलो न्हाई. कागदात दवाखाना लिवला."

"आन् बाकीचे?"

"बाकीच्यांचं काय इचारतीस," तो म्हणाला. "नट धर."

मग मला कळलं की चरवी सांडत नव्हती. तो ती बाभळीच्या बुडाशी ओतत होता. माझी शपथ खोटी होती हे मला त्याआधीही ठाऊक होतं. आता खोट्याला एक तोंड आलं, आणि ते तहानलेलं होतं.

त्याच वर्षी त्यानं मला गाडी शिकवली. गावचा तलाव कोरडा पडला होता, पार तळापर्यंत. तळाला बुडालेल्या जुन्या गावाच्या घरांचे जोते उघडे पडले होते, त्यांच्यामधून गाडी फिरवायला तो मला सांगायचा. चूल होती, उंबरा होता, कुणाच्या तरी दारातलं तुळशीचं जोतं होतं. "कुनाच्या घरात घालू नको," तो म्हणायचा. मी पन्नाशी ओलांडलेली. गावातले लोक तलावाच्या भिंतीवर बसून बघायचे. एक जण ओरडला, "वैनी, हानू नका वो कुनाला, दवाखान्याची गाडी आता दूध वाहती." सगळे हसले. मीही हसले. त्यानं मला का शिकवलं ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो खाटेवर, घरात, दोन दिवसांच्या तापानं गेला.

आमच्यात माणूस जिथं जातो तिथं दिवा ठेवतात. खाली पीठ पसरतात, वर दुरडी पालथी घालतात. सकाळी दुरडी उचलून पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात. पाखराचं, गाईचं, मुंगीचं. जीव कुठं गेला ते त्यावरून कळतं, आणि तो निघाला हेही कळतं. माझ्या नवऱ्याच्या पिठावर मुंग्यांची एक सरळ ओळ होती, दाराकडं गेलेली. त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "ड्रायव्हर मानूस. मला वाटलं टायर उमटंल." मी त्याला चहा दिला. दिव्यानंतर घर मोकळं झालं, हे खरं आहे. मी सांगोवांगी मानणारी नाही, पण तो गेल्यापासून रात्री वाजणारी त्याची खाट वाजायची थांबली.

गाडी मीच चालवू लागले. चरवीही मीच भरू लागले, दोन्ही खेपांना. बाभळीपाशी उतरायचं, ओतायचं, निघायचं. का, ते विचारायला आता कुणी नव्हतं.

वरीस झाल्यावर एक म्हातारी आली. लिंबागणेशकडची होती, दोन एसट्या बदलून आणि मग पायी. तिनं आधी मला नाही, गाडीला बघितलं. ऊन होतं, अक्षरं वर आली होती. तिनं मागच्या दाराला तळहात लावला, म्हशीच्या अंगाला लावतात तसा.

"डायवरदादा हायेत का?"

"वारले. वरीस झालं."

ती गाडीच्या सावलीत खालीच बसली. "मंग आता कुनाला इचारू," म्हणाली.

"काय इचारायचं व्हतं, मावशी?"

"माजी लेक ह्या गाडीत नेली व्हती. फळीवरून पडली व्हती. कागदात दवाखान्यात गेली म्हून लिवलंय. मी तितल्या वट्यावर दिवा ठिवला. पीठ पसरलं. सकाळी बघितलं तर पीठ हाय तसं. मुंगीबी न्हाई. बाई, येवढ्या जाग्यात मुंगी न्हाई आसं व्हतंय का?"

तिला पाणी दिलं. ती अर्धंच प्याली.

"तिची पोरगी लग्नाला आली. चार दिसांनी हळद हाय. हळदीच्या आदी आईला सांगावं लागतं. सांगू कुठं? सपनात येती तर रस्त्याच्या कडंला उबी. म्हनती, आई, गाडी थांबंना. तुमच्या मालकानं कवा काई बोलून दावलं का?"

मला चेअरमन दिसला, देऊळ दिसलं, ओंजळ दिसली. दूध गेलं तर माझ्याजवळ दोन म्हशी आणि ही गाडी उरत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "कागदात हाय तेच खरं."

"बरं," ती म्हणाली. तिनं भांडण केलं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळचं दूध घेऊन मी निघणारच होते. तिला म्हणाले, घाटनांदूरच्या स्टँडवर सोडते. पुढं बसा म्हणाले तर ती म्हणाली, "मी मागं बसते. माजी लेकबी मागंच बसली आसंल." बसली नव्हती, निजवली होती, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी दार लावून घेतलं. गाडी आमची झाल्यापासून तिच्यात मागं बसलेलं ते पहिलं माणूस.

आज बाभळीपाशी थांबायचं नाही, असं मी ठरवलं. वळण आलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते, पाय ॲक्सिलेटरवर होता. नळीच्या पुलावर गाडी आदळली, पाठीमागची काच सरकून उघडली, आणि गाडी बाभळीपाशी उभी राहिली. इंजिन चालू होतं. पाय ब्रेकवर होता. तो मी ठेवला की सवयीनं गेला, हे मला आजही सांगता येत नाही.

काचेतून म्हातारीचा आवाज आला. "गाडी कावून थांबली, माय?"

मी उतरले. मागं गेले, दार उघडलं, तिच्या पायाजवळची चरवी उचलली आणि बाभळीच्या बुडाशी ओतली. तिथली माती एवढ्या दुष्काळातही काळी होती. वळले तर म्हातारी खाली उतरून उभी.

"कुनाला वतलं?"

मी चरवी हातात धरून उभी राहिले. बाभळीला ओतलं असं म्हणता आलं असतं. म्हातारी मातीकडं बघत होती. एका दिवसात माती अशी होत नाही, हे शेतातल्या बाईला कळतं.

"हितं गेली," मी म्हणाले. "हितं म्हंजी खाली न्हवं. तुमी बसला व्हता तितं."

"पाणी मागितलं व्हतं?"

"हां."

"दिलं?"

"न्हाई. द्यायचं नसतंय म्हून दिलं न्हाई."

एक ट्रक गेला, ड्रायव्हरनं आमची गाडी बघून वेग कमी केला आणि हात जोडले. मग ती म्हणाली, "सकाळी मला म्हनली व्हती, आई, घागर भरून आन. मी म्हनलं, आदी पोरीला निजवते." एवढंच. रडली नाही. गाठोडं सोडलं. त्यात ज्वारीचं पीठ होतं, वात होती, तेलाची कुपी होती. घरूनच बांधून आणलेलं.

"आजच्या रातीला गाडी मिळंल का?" तिनं विचारलं. "उजाडंपतोर हलवायची न्हाई."

उजाडेपर्यंत गाडी हलवायची नाही म्हणजे सकाळचं दूध राहणार. दूध राहिलं की लोक येणार. लोक आले की दार उघडावं लागणार. गोष्ट एवढी सरळ होती. मी म्हणाले, "मिळंल."

चिलिंगला दूध टाकून आम्ही घरी परत आलो. मी गाडीतले कॅन उतरवले, तळ झाडला. ती स्वतः आत चढली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पीठ पसरलं, हातानं सपाट केलं, दिवा लावला आणि माझी दुरडी पालथी घातली. "तुजी पोरगी नांदायला चालली," ती दुरडीकडं बघून म्हणाली, "शनवारी हळद हाय. तू आता उबी ऱ्हाऊ नको." मग उतरली. मी दार लावलं, कडी घातली.

सकाळी मला जाग आली ती बाहेरच्या बोलण्यानं. दारात बाया दुधाची भांडी घेऊन उभ्या होत्या, आणि चेअरमन.

"वैनी, दूध नासायला लागलं. गाडीचं दार कावून लावलंय?"

"आत दिवा हाय."

"कशाचा?"

"जीव गेल्याचा."

बायांनी आधी भांड्यावर पदर घेतले, मग मागं सरकल्या. म्हातारीनं कुणाकडं बघितलं नाही. तिनं कडी काढली आणि दार उघडलं. फिनेलचा वास आला नाही, हे मला आधी जाणवलं. ज्वारीच्या पिठाचा आणि विझलेल्या वातीचा वास आला. तिनं दुरडी उचलली.

पिठावर पाऊल नव्हतं. मुंगी नव्हती, पाखरू नव्हतं. लहान लहान सहा-सात खळगे होते, धुळीत पाण्याचे थेंब पडल्यावर होतात तसे. थेंबाभोवती पीठ वळून गोळा होतं, तसं झालं होतं. मी वर बघितलं. छत कोरडं होतं. चरवी घरात होती. त्या वर्षी हवेत ओल नव्हती, सकाळी दगडावरही दव पडत नव्हतं.

"पाल आसंल," चेअरमन म्हणाला.

"पालीला शेपूट आसती, दादा," म्हातारी म्हणाली. तिनं पीठ पदरात गोळा केलं, एक कणही न सांडता, आणि उतरली.

चेअरमन माझ्याकडं वळला. "तुमी बेलभंडारा उचलला व्हता."

"उचलला व्हता. खोटा."

"मंग आता?"

"आता काय. दूध दुसऱ्या गाडीत भरा."

त्यानं भरलं. त्याचं काही चुकलं नाही. म्हातारीला मी स्टँडवर सोडून आले. बाभळीपाशी गाडी थांबली नाही. म्हणजे मी थांबवली नाही, आणि पायही गेला नाही. म्हातारी पुढच्या सीटवर बसली होती. उतरताना म्हणाली, "पोरीच्या लग्नाला ये." मी गेले नाही. मला काय म्हणून बोलावणार, आणि मी काय म्हणून जाणार.

दूध गेल्यावर मी दोन म्हशींवर भागवलं. एकट्या बाईला फार लागत नाही. पाऊस पुढं पडला, कारखाना सुरू झाला, बंद पडला, परत सुरू झाला. गाडी मी कुणाला दिली नाही. तिचं पासिंग संपलं, टायर बसले, ती गोठ्यामागं उभी आहे. निळा रंग आता पुष्कळ गेला आहे, खालची अक्षरं दुपारची वाट बघत नाहीत.

पण त्या सकाळी मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. बायांनी जे बघितलं ते गावोगाव गेलं, आणि लोक येऊ लागले. ऊसतोडीचेच बहुतेक. एकाचा भाऊ गेला होता, एकीची सासू, एकाचं तान्हं लेकरू. सगळ्यांच्या कागदात दवाखाना. सगळे एकच विचारतात, गाडीत गेला का हो? वाटेत कुठं?

मला ठाऊक नाही. नवऱ्यानं मला एकच सांगितली होती. बाकीच्यांचं विचारलं तेव्हा तो नट धर म्हणाला आणि मी नट धरला. सोळा वर्षांचं सगळं त्याच्याबरोबर गेलं. मी लोकांना खोटं सांगत नाही, एकदा सांगून झालं. मी म्हणते, "मला म्हाईत न्हाई. गाडी ही हाय. ठिवायचा आसंल तर दिवा ठिवा." बरेच जण ठेवतात. काही जण दाराला हात लावून परत जातात.

चरवी मी अजून भरते. सकाळी दोन पट्ट्यांच्या मधे ठेवते, दार लावते, कडी घालते. आता बाभळीच्या बुडाशी ओतायला कुणी जात नाही, आणि गाडी जागची हलत नाही की पाणी सांडावं. चरवी फुटकी नाही, मी कल्हईवाल्याला दाखवली.

संध्याकाळी दार उघडते तेव्हा ती रिकामी असते. उन्हानं आटत असेल. मी परत भरते.